आवाराची निगा : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं बरीच आली आहेत आणि बहुतेकांच्या मनात एकच घोर आहे. पाऊस तोंडावर आलाय, आता आवारात काय काय उरकून घ्यायचं? सोसायट्या, शाळा, एक ट्रस्ट, एक कारखाना, सगळीकडून विचारणा आहे. कृषी महाविद्यालयातून उद्यानविद्या शिकून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी पुण्यातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं आवार सांभाळलं. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे. माळीकाम करणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेलं पत्र या सदराकडे क्वचित येतं. या वेळी आलं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

आमच्या सोसायटीत साधारण हजार चौरस मीटरचं मेक्सिकन लॉन आहे. उन्हाळ्यात टँकर मागवून पाणी देतो, तरी जागोजागी पिवळे चट्टे पडतात. काही सभासद म्हणतात, हे सगळं काढून प्लास्टिकची हिरवळ टाका. काय करावं?
*सोसायटीच्या सचिव, वाकड*

आधी पाण्याचा हिशोब मांडा, म्हणजे सभेत वाद कमी होतील. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे तुमच्या हजार चौरस मीटरला रोजचं पाच-सहा हजार लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरचा निम्मा. एवढं पाणी खरंच देताय का, आणि दिलेलं मुळांपर्यंत पोचतंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुषार सिंचन चालू असताना हिरवळीवर पाच-सहा ठिकाणी उभ्या कडांचे सपाट डबे ठेवा आणि अर्ध्या तासाने पट्टीने मोजा. एका डब्यात दोन मिलिमीटर आणि दुसऱ्यात दहा भरलं, तर चट्टे कशामुळे पडले ते तिथेच कळेल.

दुसरी तपासणी खुरप्याने करायची. चट्टा पडलेल्या जागी वीतभर खणा. नव्या सोसायट्यांमध्ये बहुतेक वेळा चार बोटं तांबडी माती आणि त्याखाली बांधकामाचा राडारोडा निघतो. सिमेंटचे गठ्ठे, विटांचे तुकडे, कधी अख्खी गोणी. तिथे गवताचं मूळ जाणार कुठे? वरून कितीही पाणी घातलं तरी दुपारपर्यंत ती माती तापून कोरडी होते. तेवढे तुकडे उकरून राडारोडा काढा, फूटभर पोयट्याची सुपीक माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा आणि पावसाच्या सुरुवातीला तिथे पुन्हा हरळी किंवा मेक्सिकन लावा. माती बरी पण दाबली गेलेली असेल, तर बोटभर अंतराने बागकामाचा दातेरी काटा रोवून भोकं पाडा आणि वरून वाळू व चाळलेलं शेणखत झाडूने आत सारा.

पाणी भल्या पहाटे द्या. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर दिलेलं बरं, मुळं खाली उतरतात. कापताना गवताच्या पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग काढा. उन्हाळ्यात दीड-दोन इंच उंची राहू द्या. अनेक ठिकाणी सभासदांना आवडतं म्हणून माळ्याला गवत अगदी जमिनीलगत भादरायला लावतात आणि मग जमीन उघडी पडून करपते.

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी वापरत असाल तर उत्तमच, टँकर वाचेल. मात्र त्यातल्या क्षारांची तपासणी वर्षातून दोनदा करून घ्या आणि मुलं खेळत असताना ते तुषारातून उडवू नका. पहाटे पाइपने द्या.

प्लास्टिकची हिरवळ मला साफ नामंजूर आहे. मेच्या दुपारी ती इतकी तापते की मुलाला अनवाणी उभं राहता येत नाही. काही वर्षांत झिजते, तिचे तुकडे मातीत मिसळतात आणि खालची माती मरते ती वेगळीच. त्यापेक्षा हिरवळच कमी करा. मुलं जिथे खेळतात आणि ज्येष्ठ मंडळी जिथे बसतात तेवढी चारशे-पाचशे चौरस मीटर नीट राखा. झाडांखालच्या सावलीत मेक्सिकन लॉन कधीच धड वाढत नाही. तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन करा किंवा सावलीत तगणारी झुडपं लावा. वाचलेल्या पैशांतून माळ्याचा पगार वाढवता येईल, तोही मुद्दा सभेत मांडा.

पार्किंगवर चार गुलमोहर आणि दोन पर्जन्यवृक्ष आहेत. दरवर्षी पावसात फांद्या पडतात. ठेकेदार म्हणतो, सगळी झाडं निम्म्यावर आणू, काळजीच मिटेल. मे संपायच्या आत करून घ्यावं का?
*व्यवस्थापन समिती सदस्य, पुणे*

नाही. ठेकेदाराला हे काम देऊ नका. झाड निम्म्यावर छाटलं की कापलेल्या टोकाशी फुटव्यांचा झुबका येतो. हे फुटवे जोरात वाढतात, पण ते सालीलगत उगवलेले असतात. मूळ फांदी खोडाच्या लाकडात जशी रुतलेली असते, तशी पकड त्यांना नसते. चार-पाच वर्षांत त्यांचं वजन वाढतं आणि तेच पहिले कोसळतात. शिवाय मोठ्या जखमांमधून पाणी आत शिरून खोड पोकळ होतं. म्हणजे आज पैसे मोजून तुम्ही पुढच्या अपघाताची सोय करता.

कायदाही लक्षात घ्या. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा अधिनियम आहे. झाड तुमच्या खासगी आवारात असलं, तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि झाडाला इजा होईल अशी काटछाटही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं जातं. तुमचे पर्जन्यवृक्ष त्यात बसत असतील. छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, त्यांचा माणूस येऊन पाहून जाईल.

आता मे महिन्यात करायचं एवढंच : वाळलेल्या, चिरलेल्या, लोंबणाऱ्या आणि विजेच्या तारांकडे झुकलेल्या फांद्या काढायच्या. आकार देण्याची छाटणी हिवाळ्याअखेर करा. गुलमोहराची पानं तेव्हा झडलेली असतात आणि सांगाडा स्पष्ट दिसतो. पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची वसाहत असेल, तर पावसाळाभर त्याला हात लावू नका, घरट्यांत पिल्लं असतात.

जाड फांदी तीन घावांत कापायची असते आणि ते माळ्यासमोर उभं राहून बघा. पहिला घाव खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या पावपट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथे सुटते आणि खोडाची साल सोलवटत नाही. उरलेली खुंटी तिसऱ्या घावाने काढायची. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी दिसते, तिच्या अगदी बाहेरून कापायचं. झाड त्या कडीतूनच जखम भरतं. कडी कापली तर जखम उघडी राहते, लांब खुंटी ठेवली तर ती कुजते. वर डांबर फासू नका, त्याने ओल आत कोंडते.

आणि एक गोष्ट ठेकेदार कधीच सांगत नाही. पावसात अख्खं झाड उलटतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा मुळांशी असतो. गुलमोहर मादागास्करचा, त्याची मुळं उथळ पसरतात. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवताना, केबल टाकताना तीच तोडली जातात. तुमच्या झाडांच्या बुंध्याला काँक्रीट भिडलेलं आहे का ते बघा. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढं तरी पाऊस यायच्या आत करा. बुंध्यालगत अळिंब उगवलेली दिसली, एका बाजूची जमीन उचललेली दिसली किंवा झाड अचानक कललं, तर त्याच दिवशी खालच्या गाड्या हलवा आणि उद्यान विभागाला कळवा.

मॅडम, मी कारखान्यात माळीकाम करतो. आवार मोठं आहे. पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येतं. कापायला मशीन दिलंय, पण बूट नाहीत, चपलेवरच काम करतो. गेल्या वर्षी गवतात दोनदा घोणस निघाली. साहेब म्हणतात तणनाशक मारून टाक, म्हणजे कापायलाच नको. काय करू?
*एक माळी, कोल्हापूर जिल्हा*

दादा, पत्र लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्या साहेबांनीही हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे.

पहिलं म्हणजे बूट. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड पँट, डोळ्यांना चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, कानात बोळे. हे कारखान्याने द्यायचं असतं. मेहेरबानी म्हणून मागू नका, कामाचं साहित्य म्हणून मागा, आणि लेखी मागा. आपल्याकडे साप चावतो तो बहुतेक करून पायालाच. शिवाय मशीनचं पातं दगडाला लागलं की खडा गोळीसारखा उडतो, त्याने डोळा गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दगड-गोटे असतील तिथे लोखंडी पातं न लावता नायलॉनची दोरी लावा आणि चालू मशीनच्या आसपास पंधरा मीटरपर्यंत कुणाला येऊ देऊ नका. झाडाच्या बुंध्याजवळ मात्र मशीन नेऊच नका. दोरीनेही साल सोलली जाते आणि साल गोलाकार सोलली गेली की झाड वाळतं. तिथे विळा वापरा.

सापांचं सांगते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि ही पिल्लं उन्हाळा संपता संपता, पावसाच्या तोंडाशी दिसू लागतात. पिल्लूही विषारीच असतं. घोणस पळून जात नाही, जागेवर वेटोळं करून बसते आणि जोराने फुत्कारते. तो आवाज आला की आहे तिथे थांबा आणि हळूहळू मागे या. गवत कमरेएवढं होऊच देऊ नका. जूनपासून दर तीन आठवड्यांनी कापलंत तर श्रमही कमी पडतील आणि साप दिसेल तरी. कापण्याआधी लांब काठीने गवत आपटत पुढे जा. विटा, पाइप, लाकडाचे ढीग भिंतीला टेकवून ठेवलेले असतील तर ते आधी हलवायला सांगा. उंदीर तिथे राहतात आणि उंदरांच्या मागे साप येतात.

चावलाच तर चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. अंगठी, कडं काढून टाका, पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांवर चालणारं प्रतिसर्पविष असतं. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे औषध आहे, ते आजच विचारून नंबर गेटवरच्या केबिनमध्ये लिहून ठेवा.

तणनाशकाचं साहेबांना असं सांगा की मारलेलं गवत उभं वाळतं. त्यात साप तर राहतोच, आणि आगीचीही भीती वाढते. जमीन उघडी पडली की पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून गटारात जाते. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला होता. कुणी बाटली हातात दिली म्हणून मारायचं, असं ते औषध नाही. दुसरी कोणतीही फवारणी करायची वेळ आली, तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. वारा पाठीमागून असावा, तोंडावर मास्क आणि हातात मोजे असावेत, आणि मध्येच तंबाखू मळायची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरू नका. ‘अंगावर शर्ट आहे की, बास झालं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

सफाई कामगार रोज सकाळी पाला पेटवतात. सांगून ऐकत नाहीत.
*वाचक, नागपूर*

पेटवू नका एवढंच सांगून भागणार नाही, पाला टाकायला जागा द्यावी लागते. ती नसते, म्हणून ते पेटवतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी २०१६ सालीच बागेचा कचरा जाळायला मनाई केली, पण कामगाराला दंडाची भीती घालण्यापेक्षा कोपऱ्यात जाळीचे तीन-चार पिंजरे उभे करा, चार फूट लांब, चार रुंद, चार उंच. पाला भरताना प्रत्येक थरावर शेणाचा काला आणि पाणी शिंपडायचं, महिन्यातून एकदा उलटायचं. शिरीष, गुलमोहर, कडुनिंब यांचा बारीक पाला पाच-सहा महिन्यांत काळा, भुसभुशीत होतो. आंबा, फणस, वड यांच्या जाड पानांना वर्ष लागतं, म्हणून ती वेगळ्या पिंजऱ्यात टाका. पिंजरे भरले तर पाला झाडाखाली तीन-चार इंच पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून. झाडून झाडून गोटा केलेल्या जमिनीला नागपूरच्या उन्हात दुसरा आधार नाही.

आमच्या सोसायटीच्या चारही बाजूंना कोनोकार्पस आहे. गुजरातेत त्यावर बंदी आली. आता सगळं तोडायचं का?
*वाचक, वडोदरा*

२०२३ मध्ये गुजरात सरकारने कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. फुलोऱ्यातल्या परागांमुळे सर्दी-दमा वाढण्याची तक्रार आणि केबल, गटारं, पाण्याच्या वाहिन्या यांत शिरणारी मुळं ही कारणं दिली गेली. मी हे झाड कधीच लावू दिलं नाही. ते झटपट वाढतं, जनावर तोंड लावत नाही, खाऱ्या पाण्यावरही तगतं, म्हणून नर्सरीवाल्यांना सोयीचं होतं. पण त्यावर ना पाखरं, ना फुलपाखरं.

एकदम सगळं उतरवू नका. तुमच्याकडचा उन्हाळा कडक, एका दिवसात चारही बाजू उघड्या पडतील. आधी जिथे गटार, पाण्याची टाकी किंवा इमारतीचा पाया जवळ आहे तिथली काढा, तीही स्थानिक परवानगी घेऊन आणि बुंध्यासकट, कारण नुसती कापली तर पुन्हा जोमाने फुटतात. उरलेल्यांना फुलोरा येऊ न देता छाटत राहा. मधल्या जागेत या पावसाळ्यात मेंदी, अडुळसा, निर्गुडी, कामिनी लावा, आणि जनावरांचा त्रास असेल तिथे करवंद. ही दोन-तीन वर्षांत उभी राहिली की मागची रांग काढता येईल. वडोदऱ्यात राहता, तर एकदा फक्त कडेच्या झुडपांसाठी सयाजीबागेत फेरी मारा. १८७९ पासूनची बाग आहे. त्या मातीत काय तगतं ते तिथे दिसेल.

आमच्या शाळेला तीन एकर जागा आहे, झाडं फक्त गेटपाशी. माळी नाही, निधी नाही. जूनमध्ये दरवर्षी रोपं लावतो आणि मेपर्यंत जेमतेम दोन-चार जगतात.
*मुख्याध्यापिका, बारामती तालुका*

बाई, दरवर्षी शंभर खड्डे खणण्यापेक्षा या वर्षी वीसच झाडं लावा. ज्याला मे महिन्यात पाणी देता येईल, तेवढंच जूनमध्ये लावायचं, हा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

खड्डे आत्ताच खणून घ्या, तीन फूट लांब, रुंद, खोल, आणि उन्हात तापू द्या. मुरूम निघाला तर तो बाजूला टाका, खड्ड्यात परत भरू नका. गावातल्या शेतकऱ्यांकडून कुजलेलं शेणखत आणि तळ्यातला गाळ मागा. या दोन गोष्टी गाव शाळेला नाही म्हणत नाही. वीतभर रोपटं लावू नका. पिशवीत वाढलेलं, डोक्याएवढं उंच रोप वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतं का बघा. एकदोन चांगले पाऊस पडून जमीन खोल भिजली की लावा.

कुठे लावायचं हे काय लावायचं यापेक्षा महत्त्वाचं आहे. वर्गांच्या पश्चिमेला पहिली रांग, कारण दुपारचं ऊन तिथून खिडकीत येतं. तिथे कडुनिंब आणि करंज, भिंतीपासून वीस फूट सोडून. मैदानाच्या कडेला चिंच, बहावा, आपटा. कबड्डी-खोखोचं मैदान मोकळंच ठेवा. मुलांना धावायला जागा हवी. पाण्याच्या टाकीजवळ एखादं जांभूळ लावा. रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पुरतं, लोखंडी पिंजरा परवडत नसेल तर हरकत नाही.

पाण्याला मडकं. रोपापासून हातभर अंतरावर भाजलेलं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. पाणी हळूहळू झिरपत राहतं, चार-पाच दिवसांनी पुन्हा भरायचं. मुळं स्वतःच मडक्याकडे वळतात. शालेय पोषण आहाराची ताटं, हात धुतल्याचं पाणी रोज वाहून जातं, त्याला एक चर काढून दोन-तीन झाडांकडे वळवा.

राहिला उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रश्न, झाडं तिथेच मरतात. मुलांवर सोपवू नका, ती मामाच्या गावाला जातात. शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मावशींना एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठवड्यातून दोनदा मडकी भरायचे पैसे द्या. शाळा व्यवस्थापन समितीत हा खर्च आधीच मंजूर करून ठेवा. वृक्षारोपणाच्या दिवशी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांवर जो खर्च होतो, तेवढ्यात हे बसेल.

ट्रस्टचं पाच एकर आवार आहे. दरवर्षी सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देतो. माळी सतत बदलतात, बाग काही सुधारत नाही. किती माळी पुरेसे असतात?
*विश्वस्त, नाशिक*

माझा ठोकताळा सांगते. हिरवळ, कापीव कुंपण आणि फुलांचे वाफे असतील तर एकरी एक माणूस. नुसती झाडं आणि रस्ते असतील तर तीन-चार एकरांना एक. पाच एकरांत दीड एकर बाग आणि उरलेली झाडी असेल, तर तीन जण लागतील, आणि त्यांतला एक जाणता हवा.

पण तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं ‘सतत बदलतात’ या दोन शब्दांत आहे. कोणता व्हॉल्व्ह कुठलं पाणी सोडतो, भाद्रपदात कुठे पाणी साचतं, कोणत्या आंब्याला गेल्या वर्षी खोडकिडा लागला होता, हे कागदावर कुठेच नसतं. ते माळ्याच्या डोक्यात असतं आणि तो दोन महिन्यांनी गेला की त्याच्याबरोबर जातं. नवा येतो, त्याला पाइपाची तोंडं सापडेपर्यंत उन्हाळा निघून जातो. आमच्या आवारात जे काही टिकलं ते एका जागी वर्षानुवर्षं काम केलेल्या माळ्यांमुळे टिकलं. झाडाकडे बघून त्याला पाणी हवंय की नकोय हे सांगणारी माणसं होती ती. मी शिकून आले होते, पण आवार त्यांनी मला शिकवलं.

म्हणून निविदेत दर विचारण्याआधी अटी घाला. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांची पावती दर महिन्याला दाखवायची. तीच माणसं किमान वर्षभर राहायची, बदलली तर आधी आठवडाभर जुन्याने नव्याबरोबर काम करायचं. खुरपणीला येणाऱ्या बायकांची मजुरी पुरुषांच्या बरोबरीची. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, तरी बागांमध्ये अजून दोन भाव चालतात आणि मला त्याचा संताप येतो. हत्यारांचा खर्च वेगळा धरा : चांगली कात्री, करवत, धार लावायची कानस, गमबूट. बोथट कात्रीने कापलेलं कुंपण तपकिरी दिसतं आणि बोलणी माळ्याला बसतात. दुपारी बसायला सावलीची खोली, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, हे ट्रस्टने द्यायचं.

एक जाड वही ठेवा. व्हॉल्व्हचा नकाशा, खतं कधी घातली, कोणती झाडं कधी लावली, कुठे कीड दिसली. लिहिता येत नसेल तर जाणत्याने सांगावं आणि कार्यालयातल्या कुणीतरी लिहावं. आणि माळ्याला हुकूम देणारा माणूस एकच असू द्या. पाच विश्वस्त पाच कामं सांगत असतील तर एकही पुरं होत नाही.

निविदेचा आकडा वाढेल. त्यासाठी दरवर्षी डिसेंबरात आणायच्या हंगामी फुलांच्या कुंड्या बंद करा. दोन महिन्यांत वाळून जाणाऱ्या त्या रोपांवर नाशिकातल्या ट्रस्टने पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.

गेल्या सप्टेंबरात हिरवळ गालिच्यासारखी उचलून हातात आली, खाली पांढऱ्या अळ्या होत्या. या वर्षी होऊ नये म्हणून काय करू?
*वाचक, सांगली*

ती हुमणी. ऊसवाल्यांना विचारा, ते सगळं सांगतील. अळी गवताची मुळं खाते, म्हणून वरचा थर सुटतो. औषध मारायची वेळ सप्टेंबरात निघून गेलेली असते, खरं काम आत्ताचं आहे. वळवाचा पाऊस पडला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर येतात आणि दिवस मावळल्यावर कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. तिथेच त्यांचं मीलन होतं आणि मग माद्या जमिनीत अंडी घालतात. साडेसात-आठच्या सुमारास झाडाखाली चादर पसरून फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे लागोपाठ आठ-दहा दिवस करायचं, आणि शेजारच्या आवारांनीही करायला हवं, नाहीतर त्यांचे भुंगेरे तुमच्याकडे येतील. कच्चं शेणखत हिरवळीवर पसरू नका, त्यात अंडी घालायला माद्यांना आवडतं. जून-जुलैत जमीन ओली असताना मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी कुजलेल्या खतात मिसळून द्या, कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सेवा केंद्रात मिळते. वळीव पडून गेला असेल तर आज संध्याकाळपासूनच सुरुवात करा.